पुलाखालचे चौदा सेकंद

सोनवडमध्ये होड्यांची शर्यत बघायची म्हणजे मान दुखवून घ्यायची, हे पूर्वीपासून ठरलेलं. कृष्णेच्या घाटावर उभं राहायचं, डाव्या अंगाला नावा दिसल्या की मान डावीकडे, आणि मग वल्ह्यांच्या तालावर ती हळूहळू उजवीकडे फिरवत आणायची. शर्यतीनंतर दोन दिवस ज्याची मान धरलेली नसे, तो शर्यतीला आलाच नव्हता असं खुशाल समजावं. पण लागोपाठच्या दोन महापुरांनी घाटाच्या पायऱ्या खिळखिळ्या केल्या आणि काठावर गर्दी करायला बंदी आली. वीस हजार माणसांनी शाळेच्या मैदानात बसून पडद्यावर शर्यत बघायची, असं ठरलं.

गेल्या वर्षी कमिटीने बाहेरगावाहून लग्नात लावतात तसला पडदा आणला. कॅमेरा इमानेइतबारे पहिल्या नावेच्या मागे धावला आणि बाकीच्या नावा कुठे आहेत ते कुणाला दिसेना. शेवटून दुसऱ्या नावेलाही आईबाप असतात, भावकी असते, घसा फोडून ओरडायला आलेले मेव्हणे असतात. 'आमची नाव दाखवा' म्हणत लोकांनी अशी काही हुल्लड केली की प्रमुख पाहुण्यांना शाळेच्या मागच्या दाराने बाहेर काढावं लागलं.

म्हणून यंदा कमिटी शीतल मगदूमकडे आली. शीतल गावचाच पडदेवाला. पन्नाशीचा, कमी बोलणारा, आणि काम हातात घेतलं की जेवणखाण विसरणारा माणूस. जैनांच्या पंचकल्याणक पूजेपासून कबड्डीच्या सामन्यांपर्यंत पंचक्रोशीतला जवळजवळ प्रत्येक पडदा त्याने उभा केलेला. तरीही कमिटीची माणसं त्याच्या दारात बिचकतच उभी राहिली, कारण वर्षापूर्वी त्याचा एकोणीस वर्षांचा एकुलता एक मुलगा श्रेणिक याच शर्यतीच्या सरावात बुडाला होता. शीतलने त्यांना पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नदी लांब आहे तर पडदा पण लांब पाहिजे. कॅमेरा फिरवायचाच नाही. माणसं माना फिरवतील. सवय आहे त्यांना."

पडदा ठरला शंभर मीटर लांब आणि सात मीटर उंच. शर्यतीच्या शेवटच्या तीनशे मीटरची नदी त्यावर एका वेळी, आडवी, सलग दिसणार. सहाही नावा सतत डोळ्यांसमोर. माणूस पडद्यावर हातभर उंचीचा दिसेल, म्हणजे आईला पोरगा ओळखू येईल, असा शीतलने हिशेब मांडला होता.

आता भर दुपारी प्रोजेक्टरचं चित्र दिसत नाही हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ऊन त्याला खाऊन टाकतं. पण पुण्याहून भाड्याने आणलेलं हे नवं कापड वेगळं होतं. त्याच्या धाग्यांवर असा लेप होता की लाल, हिरव्या आणि निळ्या उजेडाच्या तीनच बारीक छटा त्यावरून परत फिरत आणि बाकीचं सगळं ऊन कापडातच जिरून जाई. प्रोजेक्टरचा उजेड नेमका त्या तीन छटांचा. त्यामुळे उन्हात पडदा काळाकुट्ट दिसायचा आणि त्यावरचं चित्र लख्ख.

असे नऊ प्रोजेक्टर पडद्याच्या वरच्या अंगाला ओळीने टांगले होते. प्रत्येकाचं चित्र शेजारच्याच्या चित्रावर सव्वा मीटर चढायचं. त्या चढलेल्या पट्टीत दोघांनीही आपापला उजेड कमी कमी करत न्यायचा, तरच सांधा दिसत नाही. एकाने हट्ट धरला तर तिथे पांढरा पट्टा उमटतो.

"संसारासारखंच की, दादा," परवीन मुल्ला म्हणाली. ती आठ वर्षं शीतलच्या हाताखाली काम करत होती आणि जुळवणीत आता त्याच्याही पुढे गेली होती.

"तुझं लग्न झालं की मग सांग," शीतल म्हणाला. वर्षभरात त्याने केलेली ही पहिली थट्टा. परवीनने मान खाली घालून हसू लपवलं.

खरी अडचण पडद्याची नव्हती, नदीची होती. काठावर सहा खांबांवर सहा कॅमेरे बसवले, पण मधे चिंचेची झाडं आणि त्यांना लागून जुना दगडी पूल. पूल मोडकळीला आलेला, त्यावर खिळासुद्धा ठोकायची परवानगी नाही. झाडं सुरू होतात तिथपासून पुलाची कमान संपेपर्यंत तीस मीटर नदी कुठल्याच कॅमेऱ्याला दिसत नव्हती. पडद्यावर ती जागा दहा मीटरची होती.

त्यावर उपाय म्हणून पडद्याबरोबर एक यंत्र आलं होतं. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. या धंद्यातली माणसं त्याला नुसतं 'रफू' म्हणत. कापडाला भोक पडलं की रफूगार आजूबाजूचे धागे बघून मधली वीण भरून काढतो, तसं हे चित्राचं भोक भरायचं. डावीकडून नाव किती वेगाने आत शिरली, पाणी कसं वाहतंय, ऊन कुठून येतंय हे बघून न दिसणारी नाव ते स्वतः काढत राहायचं आणि उजवीकडून खरी नाव बाहेर आली की तिच्याशी बेमालूम जोडून द्यायचं. खरी नाव उशिरा आली तर आपली नाव थोडी हळू चालवायचं. त्याच जागेची जुनी चित्रं जितकी जास्त द्याल तितकी वीण बारीक, असं पुस्तकात लिहिलं होतं.

जुनी चित्रं शीतलकडे होती. लागोपाठ तीन वर्षं त्याने शर्यत ड्रोनने टिपली होती, नावेच्या मागेमागे, पुलाखालूनसुद्धा. तेव्हा ड्रोनला बंदी नव्हती. श्रेणिक गेल्यापासून ते सगळं चित्रण साठवलेली डबी कपाटात पडून होती आणि ती उघडून बघायचा धीर त्याला झाला नव्हता. आताही झाला नाही. आत काय आहे ते न बघताच त्याने ती तशीच्या तशी रफूला जोडली. दुसरा कुणी असता तर आधी बसून, निवडून, मग दिली असती. शीतलने आयुष्यात एवढी एकच हयगय केली असेल.

शुक्रवारी दुपारी सहाही नावा सरावाला उतरल्या. शीतल आणि परवीन मैदानात पडद्यासमोर उभे होते. गावच्या नवजवान मंडळाची पिवळी नाव डावीकडून आली. लांबोडकी, एकामागे एक बसायच्या अकरा फळ्यांची. वल्ही मात्र दहाच चालत होती. मंडळाचा रिवाजच तसा. वल्हेकरी गेला तर त्या वर्षी नाव उतरवायची नाही आणि पुढच्या वर्षीच्या शर्यतीत त्याच्या फळीवर कुणी बसायचं नाही, त्याचं वल्हं फळीवर आडवं ठेवायचं आणि एक माणूस कमी घेऊन लढायचं. नाव जिंकत नाही, ते सगळ्यांना माहीत असतं. चौथी फळी रिकामी होती. शीतलने मन घट्ट करून तिच्याकडे बघितलं.

नाव चिंचेच्या झाडांआड शिरली. पडद्यावर झाडंबिडं नव्हतीच, रफूने ती पुसून पाणी सलग केलं होतं. आणि चौथ्या फळीवर श्रेणिक बसला होता.

डावा खांदा जरासा वर. दर दोन-तीन झटक्यांनी मानेला हिसडा देऊन केस मागे टाकायची खोड. पुढच्या-मागच्या पोरांच्या तालात त्याचं वल्हं पाण्यात शिरत होतं, बाहेर येत होतं, ऊन त्याच्या ओल्या मनगटावर चमकत होतं. पुलाची कमान संपली, नाव खऱ्या कॅमेऱ्यात आली आणि फळी पुन्हा रिकामी झाली.

परवीनच्या तोंडून "अल्ला" एवढंच निघालं.

थोड्या वेळाने, धंद्याचा माणूस असल्यामुळे, काय झालं ते शीतलला कळत गेलं. त्याने तीन वर्षं शर्यत टिपलीच नव्हती. पोरगा टिपला होता. सहा नावा पाण्यात असताना बापाचा कॅमेरा एकाच नावेवर, एकाच फळीवर खिळलेला. रफूने तेच शिकलं. या नावेच्या चौथ्या फळीवर हा मुलगा बसतो, बसतोच. फळी रिकामी दिसली म्हणजे पोरगा कशाच्या तरी आड गेलाय. तर काढून द्या.

त्याहून जड अशी आणखी एक गोष्ट होती. रफूने सोळाचा श्रेणिक पाहिला होता, सतराचा पाहिला होता, अठराचा पाहिला होता. त्या चढत्या रेषेवरून त्याने पुढचा काढला होता. पडद्यावरचा श्रेणिक वीस वर्षांचा होता.

*

श्रेणिकच्या आईला, त्रिशलाला, सांगावं की नाही यावर शीतलने अख्खी सकाळ घालवली. वर्षभरात ती नदीकडे फिरकली नव्हती. बसस्टँडवर जायचं तरी माळावरच्या रस्त्याने वळसा घालून जायची. शनिवारी दुपारी तो घरी गेला आणि म्हणाला, "मैदानात चल. काय आहे ते विचारू नको. चल."

तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, पदर नीट केला आणि चपला घातल्या.

नावा सरावाला उतरल्याच होत्या. पिवळी नाव झाडांआड गेली आणि शीतलने पडद्याकडे बघायचं सोडून बायकोकडे बघितलं. ती किंचाळेल, रडेल, धाय मोकलेल, याची त्याने तयारी केली होती. ती डोळे बारीक करून बघत राहिली.

"मिशी आलीय त्याला," ती म्हणाली.

नाव पुलाबाहेर पडली. श्रेणिक गेला.

"परत लावा."

"लावता येत नाही, त्रिशला. हे चालू आहे. नाव परत वर जाऊन खाली येईल तेव्हा."

"मग थांबते."

दुसऱ्या खेपेला ती पडद्याच्या अगदी जवळ जाऊन, झाडं सुरू होतात त्या जागेवर उभी राहिली. नाव आली, श्रेणिक दिसला आणि ती त्याच्या बाजूने चालायला लागली. पडद्यावरची नाव माणसाच्या चालीने जात होती. उजेड वरून पडत होता, त्यामुळे तिची सावलीही मधे आली नाही. दहा मीटर ती लेकाच्या शेजारून चालली, त्याच्याकडे बघत, ओठ हलवत. काय बोलत होती ते कुणाला ऐकू आलं नाही. पुलाशी तो गेला आणि ती थांबली. परवीनने घड्याळ लावलं होतं, का कोण जाणे. चौदा सेकंद भरले.

असं चार वेळा झालं. पाचव्यांदा ती जागेवर जाऊन उभी राहिली, तेव्हा आधी पलीकडच्या गावची निळी नाव आत शिरली. पडद्यावर ती छान, संथ चालली होती. चालली होती, चाललीच होती. परवीन घड्याळाकडे बघून म्हणाली, "दादा, ही का बाहेर येईना?" पडद्यावर निळी पोरं हसतमुखाने वल्ही मारत होती. बऱ्याच वेळाने खरी नाव पुलाबाहेर आली. तिची एक कड फाटली होती आणि पुढच्या पोराच्या कपाळातून रक्त गळत होतं. पुलाच्या खांबावर आपटली होती नाव, सराव तिथेच थांबला. रफूच्या पडद्यावर मात्र काहीच घडलं नव्हतं.

तासाभराने दादू आंबी मैदानात आला. बचावाच्या तिन्ही होड्या त्याच्या ताब्यात असायच्या. सत्तरीचा नावाडी, नदीचा तळ त्याला अंगणासारखा पाठ. श्रेणिकला पाण्यातून त्यानेच वर काढलं होतं.

"मगदूम," तो म्हणाला, "उद्या म्या हितं पडद्यापाशी बसनार हाय शिट्टी घिऊन. तिन्ही होडीवाल्यांच्या कानात यंत्र बशीवलंय. म्या पडद्यावर बघनार आन् हितनं हुकूम सोडनार. खरं मला कळंना झालंय, निळी नाव आपाटली ती पडद्यावर कशी काय न्हाई आपाटली?"

शीतल हातातली वायर गुंडाळू लागला.

"पुलाखालचं खरं न्हवं का काय ते?"

"नाही, आंबीकाका. तेवढं यंत्र मनानं काढतं."

दादू खाली बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या पोराला दम होता रं. डोस्क्याला लागलं खरं, त्यानं खांबाच्या कड्याला हात घातल्याला. मला कळलं न्हंतर, नखाखाली शेवाळ हुतं त्येच्या. वाट बघितली आसंल त्यानं. पुलाखालचं काठावरनं दिसत न्हाई, कुनी बघितलंच न्हाई. तुला कवा बोल्लो न्हाई ह्ये. आज बोलाय लागलं."

शीतलने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. लेकाने वाट बघितली होती, हे त्याला आज कळत होतं. ज्या तीस मीटरनी पोरगा नेला त्याच तीस मीटरमध्ये आता पोरगा दिसत होता, आणि कारण एकच होतं. तिथलं कुणाला दिसत नव्हतं.

"खांबाच्या आडोशाला माझी एक होडी नांगरतो," दादू उठत म्हणाला. "तितं ठिव तुझा क्यामेरा. पुलाला हात लावाय नगं. उद्या पोरं उतरायच्या आत सांग."

*

त्यांच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवण व्हायचं. त्या दिवशी ताटं वाढली आणि तशीच राहिली. शीतलने सगळं सांगितलं. नखाखालचं शेवाळसुद्धा सांगितलं, कारण यापुढे तिच्यापासून काही लपवायची त्याच्यात ताकद नव्हती.

"कॅमेरा लावला की भोकच राहात नाही," तो म्हणाला. "रफू काही काढणार नाही. आणि एकदा खरं बघितलं की जुना अंदाज टाकून देतं ते. परत नाही काढत."

"म्हणजे तो जाणार."

"हो."

"फोटो काढून ठेवा की तेवढ्याचा. रेकॉर्डिंग ठेवा."

"ठेवलंय. चारही खेपांचं."

तिने मान हलवली. "नको. ते झालं मागचं. घरात मागचं पुष्कळ आहे. तिथं तो आत्ताचा आहे, आज वल्हं मारतोय. उद्या परत निराळं मारेल." तिचा आवाज चढला. "पुढच्या वर्षी त्या फळीवर दुसऱ्याचा पोरगा बसणार. मग कुठं बघू? उद्याचा एक दिवस आहे. मी जास्त मागत नाही तुमच्याकडे."

"उद्या खाली कुणाचा पोरगा पडला तर?"

"आपला पडला तेव्हा कुणी कॅमेरा लावला होता?"

हे बोलून ती स्वतःच दचकली. तोंडावर पदर घेऊन ती रडायला लागली, वर्षभरात पहिल्यांदा आवाज काढून. शीतल तिच्याजवळ जाऊन बसला. त्यालाही रडू येत होतं आणि त्याने ते येऊ दिलं.

"अख्ख्या जगात," ती हुंदक्यातून म्हणाली, "त्या यंत्राला एकट्याला माहीत नाही आपला श्रेणिक गेलाय ते. असू दे की हो एक कुणीतरी."

शीतलने ताटं उचलून आत नेऊन ठेवली.

*

रविवारी सकाळी दादूची होडी खांबाच्या आडोशाला नांगरली आणि शीतलने स्वतःच्या हाताने तिच्यावर कॅमेरा बांधला. पण वायर जोडली ती एका बटणामार्फत. बटण त्याच्या टेबलावर. दाबलं नाही तर पुलाखालचं चित्र रफूचं, दाबलं की कॅमेऱ्याचं. अजून त्या कॅमेऱ्याने रफूला काही दाखवलं नव्हतं.

बाकीच्या पाच नावांसाठी दाबावं, एका पिवळ्या नावेसाठी सोडावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. पण नावा वेगवेगळ्या जात नाहीत, सहाही पाठोपाठ पुलाखाली शिरतात. आणि समजा शिरल्या असत्या वेगवेगळ्या, तरी त्याच पिवळ्या नावेत दहा पोरं होती.

तीन वाजता मैदान भरलं. तो घरातून निघताना त्रिशला त्याच्याशी बोलली नव्हती, येणार की नाही तेही सांगितलं नव्हतं. शर्यत सुटायला पाच मिनिटं असताना तो पडद्याकडे बघतो तर ती आलेली. गर्दीपुढच्या मोकळ्या पट्ट्यात, चिंचेची झाडं सुरू होतात त्याच जागेवर उभी. एका स्वयंसेवकाने तिला बसायला सांगितलं, मग ओळखलं आणि तो बाजूला झाला.

बंदूक वाजली. थोड्या वेळाने पडद्याच्या डाव्या कडेला नावा उगवल्या आणि वीस हजार माना एकदम डावीकडे वळल्या. हिरवी पुढे, पांढरी तिच्या बरोबरीला, सगळ्यात मागे पिवळी, दहा वल्ह्यांची. ज्याची नाव त्याने त्याने बघितली. ज्याच्या त्याच्या तोंडी आपापल्या गावाचं नाव. शीतलचा पडदा असा काही लागला होता की एरवी त्याने परवीनची पाठ थोपटली असती. पडद्याच्या बुडाशी दादू आंबी ओठात शिट्टी धरून बसला होता.

हिरवी नाव झाडांपाशी आली. शीतलचं बोट बटणावर होतं. त्याने त्रिशलाकडे बघितलं. ती पण वळून त्याच्याकडेच बघत होती, एवढ्या गर्दीतून, सरळ. तिने मान हलवली नाही, हात केला नाही. फक्त बघत राहिली, आणि मग तोंड पडद्याकडे फिरवलं.

शीतलने बटण दाबलं.

पडद्यावर मधले दहा मीटर एकदम काळवंडले. कमानीखालचं खरं पाणी गढूळ हिरवं होतं, दगडांना शेवाळ, खांबापाशी फेस. हिरवी नाव त्यातून सपकन गेली, पांढरी गेली, बाकीच्याही एकमेकींना घासत गेल्या. दादूची नजर त्यांच्यावर खिळलेली. मग सगळ्यात शेवटी पिवळी नाव कमानीखाली आली.

आणि तिची वल्ही थांबली.

दहाही पोरांनी वल्ही पाण्यातून वर काढली आणि मांडीवर आडवी घेतली. माना खाली घातल्या. पाचव्या फळीवरच्या पोराने पुढे वाकून चौथ्या रिकाम्या फळीवर हात ठेवला. नदी नेईल तशी नाव नुसती वाहत होती, शर्यत पुढे निघून चालली होती आणि त्यांना तिचं काही नव्हतं. पुलाखाली कुणाला दिसत नाही म्हणून त्यांनी ती जागा निवडली होती. सरावातही ती रोज तिथे थांबत असणार. रफूने ते थांबणं झाकून त्यावर जोरात वल्ही मारणारा श्रेणिक काढला होता.

गर्दीचा आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे विझत गेला. पलीकडच्या गावची माणसंही उभी राहिली. दादूने ओठातली शिट्टी काढून हातात घेतली.

त्रिशला चालायला लागली होती. रिकाम्या फळीच्या शेजारून, तिच्याकडे बघत, कालच्यासारखीच सावकाश. शीतल टेबलामागे उभा राहून रडत होता आणि परवीनने त्याचा दंड धरून ठेवला होता. यंत्राने आता खरं बघितलं होतं. श्रेणिक गेला हे माहीत नसलेलं जगात कुणी उरलं नाही.

पुलाची कमान संपली. पोरांनी डोळे पुसून वल्ही पाण्यात घातली आणि नाव उजेडात आली. काल याच जागेवर पडद्यावरचा मुलगा दिसेनासा व्हायचा आणि त्रिशला थांबायची. आज दिसेनासं होण्यासारखं काही नव्हतं. फळी कमानीखाली जशी रिकामी होती तशीच बाहेरही रिकामी होती.

त्रिशला थांबली नाही. नावेने वेग घेतला तसा तिनेही घेतला, चपला वाटेतच सोडल्या, पदर खांद्यावरून घसरला, आणि पन्नास मीटर लांब उरलेल्या पडद्याच्या कडेने ती त्या रिकाम्या फळीबरोबर धावत शेवटपर्यंत गेली.